मिस्ड कॉल देऊ नये

माझ्या कामात चूक झाली तर आवाज होत नाही. वायरमन चुकला तर ठिणगी उडते, गवंडी चुकला तर भिंतीला पोट येतं आणि चार माणसं धावत येतात. माझी चूक पडद्यावर हिरवा ठिपका होऊन गुपचूप बसून राहते. एका शुक्रवारी दुपारी मी लातूरच्या एका खाजगी दवाखान्यातल्या यंत्रात एक आकडा बदलला आणि बॅग खांद्याला अडकवून नांदेडच्या गाडीत बसलो. त्या आकड्याची शिक्षा माझी थोरली बहीण तिच्या सासरी अजून भोगते आहे. हे मी आज लिहितो आहे, कारण बोलायला मला बंदी आहे. बंदी तिनंच घातली आहे.

मी नेटवर्कची कामं करतो. माझं ऑफिस नांदेडला, भाड्याचं घर लातूरला आणि अर्धं आयुष्य दोन्हीच्या मध्ये एसटीत. आईवडील दोघंही गेले. उरलो मी आणि आक्का. आक्का नर्स आहे, देवणीला दिलेली. लातूरच्या त्या दवाखान्यानं देवणीत एक छोटं केंद्र काढलं तेव्हा तिला तिथं नोकरी लागली. केंद्र म्हणजे मेडिकलच्या दुकानाशेजारच्या दोन खोल्या, एक टेबल, ईसीजीचं मशीन, दारात उभी एक गाडी आणि माझी बहीण. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की तिनं ईसीजीची पट्टी काढायची, ती लाईनवरून लातूरला पाठवायची, तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी बघायची आणि काय करायचं ते सांगायचं. पट्टी वाचायचा अधिकार आक्काला नव्हता आणि डॉक्टरांच्या शब्दाशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम होता, कारण गाडी एकच होती.

ती लाईन मी टाकली. पहिल्या दिवशी चाचणीसाठी कुणाची तरी पट्टी हवी होती, तर आक्काचे सासरे हौसेनं टेबलावर चढले. त्यांना मी मामा म्हणायचो. देवणी जातीची दोन जनावरं होती त्यांची, पोटच्या पोरासारखी सांभाळलेली. मामा त्यांच्याशी जेवढं बोलायचे तेवढं घरात कुणाशी बोलत नसत. अंगाला तारा लावून घेत ते मला म्हणाले, "भाऊ, माझं काळीज लातूरला दिसंल म्हंता?"

"दिसंल मामा. दोन सेकंदांत."

आक्कानं बटण दाबलं. मामा छताकडं बघत पडून होते. "पोचलं का?"

"पोचलं मामा," आक्का म्हणाली. सगळे हसलो.

आता मिस्ड कॉलचं सांगतो. आमच्याकडं मिस्ड कॉल ही एक भाषाच आहे. शेतातून निघालो, एक रिंग. गाडी मिळाली, एक रिंग. उचलायचं नाही, उचललं तर समोरच्याचा विरस होतो. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आक्काची एक रिंग मला येते. त्याचा अर्थ, मी बरी आहे, तू जेव. मी कधी उलट दिली नाही. कशाला द्यायची, मला वाटायचं, रिंग आली म्हणजे झालं.

केंद्रातही तिनं हेच सुरू केलं होतं. पट्टी पाठवली की लातूरच्या काउंटरवर एक रिंग. पट्टी दिसली की काउंटरवरून उलट एक रिंग. पेशंटची अवस्था घाबरवणारी असेल तर दोन रिंगा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण काउंटरवरचा माणूस वैतागला. चार गावांची चार केंद्रं, दिवसभर फोन खणखणतोय आणि उचलला तर कुणी बोलत नाही. त्यानं माझ्याकडं तक्रार केली. मलाही ते जुनाट वाटलं. मी एवढी लाईन टाकलेली, पडद्यावर दोन्ही बाजूंना हिरवा ठिपका दिसतो, पट्टी गेली की 'पाठवले' अशी अक्षरं येतात, आणि ही बाई अजून रिंगा देत बसलेली. मी देवणीला जाऊन तिला चिडवलं, "आक्का, लग्नाची पत्रिका दिल्यावर परत दवंडी पिटतीस का तू?" आणि वहीतला एक कागद फाडून, जाड पेननं, माझ्या अक्षरात लिहून मशीनच्या वर भिंतीला चिकटवला: मिस्ड कॉल देऊ नये. हिरवा ठिपका पहावा.

आक्का कागदाकडं बघत म्हणाली, "आन् ठिपका खोटं बोलला तर?"

"ठिपका माणूस नाही खोटं बोलायला," मी म्हणालो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, चांगलं आठवतं.

त्या शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. तपासण्यांचे रिपोर्ट उघडत नव्हते, औषधांची खिडकी बंद पडली होती, बाहेर रांग. मी गेलो. कारण अर्ध्या तासात सापडलं. दवाखान्यानं नातेवाइकांसाठी हॉलमध्ये फुकट वायफाय ठेवलं होतं. औशापासून मुरुडपर्यंतची माणसं तिथं पेशंटच्या उशाशी बसून दिवसभर मोबाइल बघत, आणि एकेक मोबाइल पन्नास ठिकाणी जोडणी करून मोकळा होई. दवाखान्यात येणारं-जाणारं सगळं बोलणं ज्या यंत्रातून जातं, ज्याला आम्ही फायरवॉल म्हणतो, त्याची जोडण्या नोंदवायची वही सकाळीच भरून जाई. नव्याला जागाच नाही.

हे थोडं समजावून सांगायला हवं. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात त्याचा एक रिवाज आहे, त्याला टीसीपी म्हणतात. आधी ओळख द्यायची, मग बोलायचं, प्रत्येक तुकडा हाती आला की 'मिळाला' असं कळवायचं आणि शेवटी निरोप घ्यायचा. पण बरीच यंत्रं निरोप न घेताच उठून जातात. म्हणून फायरवॉलला सांगून ठेवावं लागतं, की कुणी किती वेळ गप्प राहिलं म्हणजे ते गेलं असं समजून त्याचं नाव खोडायचं. तिथं हा वेळ एक तास होता. तीन हजार सहाशे सेकंद. मी तिथं तीनशे टाकले. पाच मिनिटं.

वही भराभर रिकामी झाली. रिपोर्ट उघडले, खिडकी सुरू झाली, व्यवस्थापकांनी चहा मागवला. काम फत्ते.

खरं म्हणजे करायचं असं होतं, की वायफायला पाच मिनिटं आणि देवणीसारख्या केंद्रांच्या ओळी वेगळ्या काढून त्यांना तासच ठेवायचा. कारण केंद्रातलं मशीन सकाळी एकदा ओळख देतं आणि मग दिवसभर त्याच ओळखीवर बसून राहतं. पट्टी आली तर बोलतं, नाही तर तास तास गप्प. मला हे माहीत नव्हतं असं नाही. वीस मिनिटांचं काम होतं. साडेबाराची नांदेड गाडी डोळ्यांसमोर होती आणि मला खिडकीची जागा हवी होती.

चाचणी मी केली, अगदी नियमानं. आक्काला फोन लावून दोन जुन्या पट्ट्या पाठवायला लावल्या. दोन्ही क्षणात आल्या. लागोपाठ पाठवल्या तर येणारच. मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, हे त्या चाचणीतलं एकमेव महत्त्वाचं काम होतं आणि तेवढंच मी केलं नाही.

"पोचल्या ना?" आक्कानं विचारलं. "का एक रिंग देऊ?"

"आक्का, भिंतीवरचा कागद वाच."

फायरवॉल नाव खोडतं तेव्हा कुणालाही सांगत नाही. देवणीच्या मशीनला वाटतं, ओळख शाबूत आहे. लातूरच्या मशीनलाही तसंच वाटतं. दोन्हीकडं ठिपका हिरवा. मधलं दार मात्र बंद. पट्टी सोडली की देवणीचं मशीन आपल्या हातून गेली म्हणून 'पाठवले' दाखवतं. पट्टी दारावर आपटते, 'मिळाला' असा जबाब येत नाही, मशीन परत सोडतं, परत सोडतं. पंधरावीस मिनिटं असं करून दमलं की नव्यानं ओळख देतं आणि मग पट्टी पोचते. म्हणजे हरवत काहीच नाही. नुसता उशीर होतो. आणि पट्टीवर वेळ छापलेली असते ती काढल्याची, पोचल्याची नाही.

याहून वाईट गोष्ट केंद्राच्या कामाच्या पद्धतीत होती. पट्टी चांगली असली तर डॉक्टर सवडीनं, पंधरावीस मिनिटांनी दोन ओळी लिहून पाठवत. पट्टी वाईट असली तर दोन मिनिटांत त्यांचा फोन येई. त्यामुळं केंद्रातल्या सगळ्यांना एक सवय लागली होती. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक. जेवढी शांतता लांबेल तेवढा जीव खाली बसायचा. मी टाकलेले तीनशे सेकंद नेमके त्या शांततेत जाऊन बसले.

नांदेडला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका बियाणेवाल्याच्या गोदामात माझं दोन दिवसांचं काम होतं. शुक्रवारी संध्याकाळी सातला आक्काची रिंग आली. मी जेवलो. शनिवारी सकाळी गोदामातल्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून मी पडद्यावर लातूरच्या दवाखान्याच्या सर्व्हरची खिडकी उघडली, वही परत भरते आहे का ते बघायला. सगळं ठीक होतं. चहाला गेलो, आलो, तर खिडकी गोठलेली. अक्षरं टाकतोय, उमटत नाहीत. वर कोपऱ्यात मात्र जोडणी चालू असल्याचं दिसतंय. मी नांदेडच्या लाईनला दोन शिव्या घातल्या, खिडकी बंद करून नवी उघडली. चालू झाली.

कामाच्या नादात मी विसरलो. तरी दिवसभर मनाला काहीतरी टोचत होतं. घराला कुलूप लावलं की नाही ते आठवू नये, तसं. गोदामात औषध लावलेल्या बियाण्याचा उग्र वास होता, पत्रे तापले होते, एक पंखा घरघरत होता. दुपारी जेवून परत आलो तेव्हा अडीच वाजले असतील. खिडकी परत गोठलेली. तसाच हिरवा ठिपका.

या वेळी मी शिवी घातली नाही. मी किती वेळ जेवलो याचा विचार केला. सकाळी चहाला किती वेळ लागला याचा विचार केला. दोन्ही वेळा पाच मिनिटांहून जास्त. 

नवी खिडकी उघडून मी फायरवॉलची नोंदवही काढली. अडवलेल्यांची यादी असते तिच्यात. देवणी शोधलं. होतं. या खेपेची पहिली नोंद दोन वाजून वीस मिनिटांची. त्यानंतर एक सेकंदानं दुसरी. मग दोन सेकंदांनी. मग चार. आठ. सोळा. टीसीपीचा हाच रिवाज आहे, जबाब आला नाही तर दर वेळी दुप्पट थांबून परत प्रयत्न करायचा, आणि दोन मिनिटांच्या पुढं गेल्यावर तेवढंच अंतर ठेवायचं. कुणीतरी दार वाजवतं, थांबतं, वाट बघतं, परत वाजवतं. मी बघत असतानाच खाली आणखी एक ओळ उमटली. घड्याळात दोन तेहतीस झाले होते. देवणीत तेरा मिनिटांपासून कुणाची तरी छाती उघडी होती आणि लातूरला कुणालाही पत्ता नव्हता.

मी आधी लातूरच्या काउंटरला फोन लावला.

"देवणीची पट्टी आलीय का?"

"न्हाई सर. आज दुपारपसून निवांत हाय देवणी."

"लाईन बंद आहे ती!"

"बंद कुठली सर? हिरवं हाय की. माझ्या म्होरंच हाय."

मी त्याला डॉक्टरांना उठवून मशीनपाशी बसवायला सांगितलं आणि आक्काला फोन लावला. लागला, पण उचलला नाही. परत लावला. आमच्यात दुपारी असा फोन जात नाही, तिला वाटलं असणार रिंग आहे, कशाला उचलायची. रिंग उचलायची नाही ही सवय मीही पाळत आलो होतो. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं उचलला.

"भाऊ, काय झालं? मी कामात हाय."

"टेबलावर कोण आहे?"

"मामा हायेत. पित्त झालंय म्हनायलेत. छातीत जड हाय जरा. म्या पट्टी पाठवली, फोन न्हाई आला, म्हंजी बरंच असंल. घाम आला हुता, आता पुसला."

मागून मामांचा आवाज ऐकू आला, "कोन, भाऊ हाय का? त्याला इचार, दिसायलंय का."

"आक्का, प्रोग्रॅम बंद कर. आत्ता. बंद करून परत उघड आणि परत पाठव. काही विचारू नको."

तिनं काही विचारलं नाही. दोन सदतीसला पट्टी लातूरला पोचली. दोन अडतीसला डॉक्टरांचा देवणीला फोन गेला आणि गाडी निघाली. आक्का मागं बसली होती, मामांचा हात धरून. लातूर वीसेक किलोमीटर राहिलं होतं तेव्हा मामांनी हात सोडला.

दोन वीस ते दोन सदतीस. सतरा मिनिटं. गाडी त्या रस्त्यावर सतरा मिनिटांत किती जाते हे मी एकदा काढून बघितलं. पुन्हा बघत नाही.

रविवारी मी देवणीला गेलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि गोठ्यातली दोन्ही जनावरं कडब्याला तोंड लावत नव्हती. आक्काच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून आवाज गेला होता, तरी येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "घरात नर्स आसून माझ्या मानसाला येळंवर नेलं न्हाई. तिच्या हाताखाली पडले हुते. आर्धा तास पडले हुते." आक्का उंबऱ्यापाशी उभी होती. तिनं मान वर केली नाही. दाजी, म्हणजे तिचे यजमान, बायकोच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचा संताप आला, आणि मग लाज वाटली, कारण बोलायला हवं होतं ते मी.

सोमवारी दवाखान्यात जाऊन मी सगळं लेखी दिलं. कुठला आकडा, का बदलला, काय झालं, आता काय दुरुस्त केलं. व्यवस्थापकांनी वाचून विचारलं, "आता सगळं पोचतंय ना?" मी हो म्हणालो. त्यांनी कागद फाइलला लावला. डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी ती पट्टी परत काढून बघितली. मग म्हणाले, "सतरा मिनिटं आधी कळलं असतं तर वाचले असते, असंही सांगता येत नाही. नसते वाचले, असंही नाही." मला शिक्षा हवी होती. त्यांनी मला तेवढंच दिलं, आणि ते शिक्षेहून वाईट निघालं.

तेराव्याला मी ठरवूनच गेलो होतो. गोडाचं जेवण होतं, पंगत बसली होती, भावकीतली जाणती माणसं समोर होती. एका म्हाताऱ्यानं घास घेता घेता विषय काढलाच, की नर्स म्हणून केंद्रावर ठेवतात त्यांना काही कळतं का. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "कळतंय की. परक्याला कळतंय, घरच्याला न्हाई." मी ताटावरचा हात काढला. आता उभं राहायचं आणि बोलायचं. आक्का पोळ्यांची पाटी घेऊन वाढत येत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओळ सोडून सरळ माझ्यापाशी आली. वाकून माझ्या ताटात पोळी टाकताना हळूच म्हणाली, "बोलू नको."

"आक्का, माझी चूक आहे."

"ठाव हाय मला. तू तीनदा फोन लावलास तवाच ठाव झालं." ती पोळीवर तूप सोडत होती, हात स्थिर होता. "तू बोललास तर ही मानसं तुला या दारात उभं करनार न्हाईत. मला बी तुझ्याकडं येऊ देनार न्हाईत. मला माहेर म्हून तू एकटा हायेस. माझं काय, बोलनं खाऊन घेते मी. जेव."

ती पुढच्या पानाकडं गेली. मी जेवलो. ती पोळी मी पूर्ण खाल्ली, तूप लावून, त्या सगळ्यांच्या देखत. आयुष्यात एवढ्या भित्रेपणानं मी काही गिळलेलं नाही. लोक म्हणतील बहिणीसाठी गप्प बसलास. अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तेच मला जास्त खातं.

नंतर मी केंद्रावर गेलो, मशीनमध्ये एक सेटिंग चालू करायला. ती पहिल्या दिवशीच चालू करायला हवी होती. त्या सेटिंगनं मशीन दर मिनिटाला एक रिकामा तुकडा पाठवतं. त्यात काही मजकूर नसतो. समोरच्यानं 'मिळाला' म्हटलं तर दार उघडं, जबाब आला नाही तर लगेच ठिपका लाल. आक्का शेजारी उभी राहून बघत होती. तिनं विचारलं म्हणून मी समजावून सांगितलं.

"म्हंजी मिस्ड कॉलच की," ती म्हणाली. हसली नाही.

मी भिंतीवरचा माझ्या अक्षरातला कागद काढायला हात वर केला. गोंद पक्का बसला होता, कागद तुकड्या-तुकड्यांनी निघाला. 'देऊ नये' एवढं भिंतीलाच राहिलं. मी नखानं खरवडत होतो तेव्हा ती टेबलाकडं बघून बोलायला लागली, जणू माझ्याशी नाही.

"तीनदा इचारलं त्यांनी. पोचलं का गं माझं लातूरला. पैल्या बारीला मी ठिपका बगितला आन् हाव म्हनले. दुसऱ्या बारीला बी बगितला. तिसऱ्या बारीला न बगताच हाव म्हनले. त्यांचा माझ्यावर लई भरवसा हुता."

 मी तिचे पाय धरायला वाकलो तर ती मागं सरकली. "असलं काय करू नको. तारा नीट लाव त्या."

तिनं नोकरी सोडली नाही. सासरी तिच्या हातचं पाणी सासूबाई अजून घेत नाहीत, जावेकडून मागतात. दाजी तसे वाईट नाहीत, पण आईपुढं त्यांचं तोंड उघडत नाही. केंद्रात आता पट्टी पाठवली की आक्का लातूरला एक रिंग देते आणि काउंटरवरचा माणूस न चिडता उलट एक देतो. दवाखान्यातल्या पडद्यावर सगळं हिरवं असतं. मी जिथं जाईन तिथं हिरवा ठिपका दिसला की पाच मिनिटं वाट बघतो, मग एक तुकडा पाठवून खात्री करतो. नांदेडचे माझे साहेब म्हणतात, तू हल्ली फार वेळ लावतोस.

संध्याकाळी सातला माझा फोन एकदा वाजतो आणि थांबतो. पूर्वी मी तसाच ठेवून द्यायचो. आता लगेच उलटी एक रिंग देतो. अलीकडं एकदा दाजी कामानं लातूरला आले होते, चहा पिता पिता सहज म्हणाले, "तुमच्या बहिनीला काय झालंय कळत न्हाई, भाऊ. तुमची रिंग आल्याबिगर ती घास उचलत न्हाई. परवा तुमची रिंग आली न्हाई, तर रात्री उपाशीच झोपली."

त्या संध्याकाळी मी एसटीत होतो आणि फोनला रेंज नव्हती. मी दाजींना तेवढंच सांगितलं.